कालियाच्या फण्यावरची मुलगी

गेल्या गोकुळाष्टमीच्या रात्री मकरपुऱ्यातील आमच्या मंडळींनी एक नवा उपक्रम केला. कीर्तन आटोपून जन्मकाळाची वेळ येईतो जो तास-दीड तासाचा अवकाश राहतो, तो बहुधा मुलांच्या पेंगण्यात आणि मोठ्यांच्या गप्पांत जातो. या खेपेस सभामंडपाच्या भिंतीवर पांढरे धोतर ताणून तीवर दोन चित्रपट दाखविण्यात आले. पहिला दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’, आणि दुसरा त्याच कथाभागावर हल्ली कोणी संगणकाच्या साह्याने रचलेला वीस मिनिटांचा एक छोटा चित्रपट. दुसऱ्याच्या कर्त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण आमचे म्हणणे त्या एका गृहस्थाविषयी नाही. तशा धाटणीची चित्रे आज घरोघर, हातोहात पोहोचत आहेत आणि उत्सवांच्या मंडपांतही त्यांचा प्रवेश झालेला आहे. तेव्हा त्यांच्याविषयी काही विचार करणे देवळाच्या आश्रयाने राहणाऱ्या आपणा सर्वांस प्राप्त आहे.

फाळक्यांचा चित्रपट मूक. त्यामुळे कीर्तनकारबुवांचे पेटीवाले आणि पखवाजी उठून जाता जाता थांबले आणि चित्र पाहत पाहत त्यांनी साथ धरली. चित्रपटाच्या आरंभीच एक विलक्षण गोष्ट घडते. कृष्णकथेस प्रारंभ होण्यापूर्वी पडद्यावर एका सहा-सात वर्षांच्या मुलीचा चेहरा येतो. ही फाळक्यांची कन्या मंदाकिनी. ती हसते, रुसते, रागावते, डोळे मोठे करते. आपल्या अंगी कोणकोणते भाव दाखविण्याची शक्ती आहे, ते एखादी मुलगी पाहुण्यांसमोर करून दाखवील, तसे ती दाखविते. आणि मग तोच चेहरा पाहता पाहता कृष्णाचा होतो. एक चित्र विरघळून त्यातून दुसरे उमटावे, अशी ती युक्ती आहे. मुलगी नाहीशी होत नाही, आणि कृष्ण तर समोर उभा असतो.

आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ या वेळी हळूच म्हणाले, “अहो, हे आधी कशाला दाखवायचे? पोरगी आहे हे कळले की देव कुठला राहणार?” त्यांची शंका आम्हांस त्या क्षणी रास्त वाटली. परंतु पुढे अर्ध्या घटकेत, ही मुलगी जेव्हा यमुनेच्या डोहातून कालियाच्या मस्तकावर उभी राहून वर आली, तेव्हा त्याच गृहस्थांचे हात जोडलेले आम्ही पाहिले. त्यांना आपली शंका आठवत नसावी. आम्हीही त्यांना तिची आठवण करून दिली नाही. कालियाचे ते धूड माणसांनी बनविलेले आहे, हे लहान मुलासही ओळखू येते. एका मुलाने तसे मोठ्याने सांगितलेही. तरीही कोणी हसले नाही.

दुसऱ्या चित्रपटात मात्र एकही गोष्ट ओळखू येण्याजोगी नव्हती. सर्पाच्या अंगावरील खवलान् खवला झळकत होता. पाणी पाण्याहूनही पाणीदार होते. पाहणाऱ्याची दृष्टी पक्ष्याप्रमाणे कदंबावरून उतरत, डोहात शिरत, शेपटीच्या वेटोळ्यांतून सुळकन निघत होती. कृष्णाचे मुख असे गुळगुळीत, की त्यावर आईने कधी हात फिरविला असेल असे वाटू नये. मुले डोळे विस्फारून पाहत होती. एका आजीबाईंनी नमस्कारही केला. परंतु तो संपताच मंडपात जी चर्चा सुरू झाली, ती हे कसे केले असेल, कोणत्या यंत्रावर केले असेल आणि किती खर्च आला असेल, याविषयीची होती. कालियाविषयी कोणी बोलले नाही, यशोदेविषयीही नाही. पहिल्या चित्रपटात ‘कसे केले’ हे ठायी ठायी दिसत होते आणि त्याविषयी कोणी विचारले नाही. दुसऱ्यात ते कोठेच दिसत नव्हते आणि सर्वांनी तेवढेच विचारले. आमच्या मते या दोन कलाकृतींतील भेदाचे सारे रहस्य या उलटापालटीत आहे.

आपल्या काव्यशास्त्रात याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. रंगभूमीवर नट राम म्हणून उभा असतो, तेव्हा प्रेक्षकाला नेमके कसले ज्ञान होते, असा प्रश्न श्रीशंकुकाने उपस्थित केला. हा रामच आहे असे ते ज्ञान नव्हे. हा राम नव्हे असेही नव्हे. हा राम असेल की नसेल असा संशयही नव्हे, आणि हा रामासारखा आहे अशी तुलनाही नव्हे. भिंतीवर काढलेला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तशा जातीचे ते ज्ञान आहे. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. अभिनवगुप्ताने शंकुकाची रसविषयक उपपत्ती पुढे खोडून काढली हे खरे. तथापि चित्रातल्या घोड्याचा हा दृष्टांत काही केल्या मरत नाही. चित्रातला घोडा घोडा व्हावयाचा, तर भिंत दिसली पाहिजे. भिंतच नाहीशी केली, तर समोर एक तर खरा घोडा उरेल किंवा फसवणूक उरेल. चित्र म्हणून काही उरणार नाही.

मंदाकिनीचा चेहरा आधी दाखवून फाळक्यांनी ही भिंत आम्हांस दाखविली. ज्याला आजकाल काव्यात्म चित्रपट म्हणतात, रूढ वाटेने न जाणारा म्हणतात, त्याचे मूळ आमच्या मते येथे आहे. आणि ते परदेशातून आणावयाचे कारण नाही.

फाळक्यांचा आणि आमच्या या गावाचा संबंध वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या परिश्रमाने बडोद्यास कलाभवन निघाले, आणि त्र्यंबकेश्वरास जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेला हा वीस वर्षांचा तरुण त्याच सुमारास येथे दाखल झाला. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाची दीक्षा त्याला येथे मिळाली. ज्या दिवसांत रविवर्म्याची महाराजांकरिता काढलेली पौराणिक चित्रे बडोद्यात येत होती, ते हेच दिवस. कलाभवनाचा हेतू देवादिकांची चित्रे निर्माण करण्याचा नव्हता. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकून माणसाने आपल्या हाताने पोट भरावे, असा तो रोकडा हेतू होता. हातात पटाशी धरणारा आणि कुंचला धरणारा एकाच छपराखाली बसत. मकरपुऱ्यात राहणाऱ्या आम्हांस याचे विशेष अप्रूप वाटते. खंडेराव महाराजांनी आरंभिलेला येथला राजवाडा आज हवाई दलाकडे आहे, आणि भोवती औद्योगिक वसाहतीच्या शेड पसरलेल्या आहेत. दिवसभर लेथवर लोखंड कातणारा मनुष्य संध्याकाळी हात धुऊन आमच्या भजनात टाळ धरतो. कलाभवनाच्या छपराखाली जी सोबत होती, ती येथे अद्याप मोडलेली नाही.

असल्या कारागिरीच्या शाळेतून निघालेल्या माणसाला युक्तीची लाज वाटत नाही. १९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे फाळक्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत लिहिले आहे. हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. परंतु त्याच्या पुढचा प्रसंग आम्हांस अधिक बोलका वाटतो. १९१२ साली विलायतेहून यंत्र घेऊन आल्यावर त्यांनी प्रथम देव चित्रित केला नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्र घेत त्याच्या वाढीचा चित्रपट केला. महिनाभराची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर घडताना पाहून भांडवलवाल्याचा विश्वास बसला आणि ‘राजा हरिश्चंद्र’ शक्य झाला, अशी ती हकीकत आहे. आम्ही तर म्हणू, की भारतातील पहिला काव्यात्म चित्रपट तोच. त्यात कथा नाही, नट नाही, संवाद नाही. जे रोज डोळ्यांदेखत घडते आणि कधीच दिसत नाही, ते दाखविले एवढेच. यंत्राचा याहून सात्त्विक उपयोग कोणता?

आणि ‘लंकादहन’! १९१७ सालच्या त्या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नसत, म्हणून हे झाले. त्यात तत्त्वज्ञान काही नव्हते. पण परिणाम काय झाला पाहा. जो राम विरहाने व्याकूळ झाला आहे, त्याचाच चेहरा अशोकवनात पदर घेऊन बसला आहे. पिळदार दंड सीतेच्या अंगी दिसतात. लोकांना हे दिसत नसेल काय? आणि तरीही राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतील जोडे काढीत, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. ज्यांना आपण भाबडे म्हणतो, ते प्रेक्षक शंकुकाचे चित्रतुरगज्ञान आम्हां शिकलेल्यांपेक्षा बरे जाणत होते.

जाणणारच. कारण त्यांची सारी घडण याच रीतीने झालेली होती. आमच्या कोंकणी वाचकांस पेडणे-सावंतवाडीकडचा दशावतार आठवावा. दुपारी दुकानावर तंबाखू मागताना ज्याला पाहिले, तोच रात्री देवळापुढे विष्णू होऊन उभा राहतो. त्याच्या पेटाऱ्याची पूजा होते, आणि तो पेटारा उघडताना गावातल्या पोरांनी डोकावून पाहिलेलेही असते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सांगतात, तेथेही हेच. हातकागदावरील चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली. पान धरणारा हात दिसतो, पान उलटलेले दिसते. चित्र जागचे हालत नाही, वीणा आणि टाळ यांच्या साथीवर शब्द हालतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये जी फट राहते, तीत ऐकणाऱ्याचे मन शिरते. २०२१ साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी लोप पावणारी लोककला म्हणून हळहळ केली. लोककला म्हणून ती थोर आहेच. परंतु चित्रपट कसा असावा याचा तो एक शास्त्रीय पाठही आहे, हे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि दूर कशाला, भाद्रपदात आपण पार्थिव गणपती आणतो. माती आपण पाहिलेली असते. प्राणप्रतिष्ठेपूर्वी ती माती आहे आणि विसर्जनानंतर पुन्हा माती होणार आहे, हे ठाऊक असूनच आपण नमस्कार करतो. घडण दिसल्याने भक्तीस बाध येतो हा समज आमच्या धर्माने कधीच मानलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, की तुमचा सारा रोष यंत्रावर आहे. फाळके आज असते तर त्यांनीच पहिला संगणक विकत घेतला असता. आम्ही हे शंभर टक्के मान्य करतो. त्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकून घेतला असता! आमचा आक्षेप यंत्रावर नाहीच. आणि याचे प्रमाण आमच्याच शहरात आहे.

१९३७ साली सुरेंद्रनगरास जन्मलेले आणि १९५५ साली बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत शिकावयास आलेले चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांनी वयाची साठी ओलांडल्यावर संगणक हाती घेतला. त्यांच्या ‘मप्पा मुंदी’ या मालिकेत मध्ययुगीन युरोपातील एका जगन्नकाशाचे चित्र आधार म्हणून घेतलेले आहे. हा नकाशा त्यांना एका साध्या पोस्टकार्डावर भेटला. त्यात त्यांनी ठिकठिकाणांहून आणलेली चित्रे संगणकावर बसविली, ती यंत्राने कागदावर छापली, आणि मग त्या छापावर हाताने रंगकाम केले. जोड कोठे आहे, उसने कोठून घेतले आहे, छाप कोठे संपतो आणि कुंचला कोठे सुरू होतो, हे जवळ जाऊन पाहणाऱ्यास उमगत जाते. इटालियन भित्तिचित्रातली मेरी मॅग्दालीन एका बाजूस आणि सुवर्णमृगाच्या पाठीस लागलेला राम दुसऱ्या बाजूस, असे एकाच जगात नांदतात.

हा सुवर्णमृग येथे यावा, हे आम्हांस मोठे सूचक वाटते. मारीचाची ती माया म्हणजे घडण पूर्ण लपविलेले रूप. त्याला कोठे जोड नाही, शिवण नाही. जो त्याच्यामागे धावतो, तो आपल्या घरापासून दूर जातो. शेख यांनी त्या मृगाला चित्रात घेतले खरे, पण असे घेतले की तो चिकटविलेला दिसतो. मायेला माया म्हणून दाखविणे हे कवीचे काम आहे. तिच्यात सामील होणे हे मारीचाचे.

त्यांनी ‘कावड’ या नावाने ज्या रचना केल्या, त्या तर आमच्या वाचकांच्या अगदी जवळच्या. राजस्थानात बस्सी गावचे सुतार लाकडाची चित्रित देवळी घडवितात आणि कावडिये भाट ती खांद्यावर घेऊन यजमानांच्या दारी जातात. एकेक दार उघडीत, मोरपिसाने चित्र दाखवीत कथा सांगितली जाते, आणि शेवटचे दार उघडले की आत देव. देऊळच भक्ताच्या घरी चालत येते. शेख यांनी ही देवळी एवढी वाढविली, की माणसाने तिच्या दारांमधून जावे. आत कबीर भेटतो, शहराच्या गल्ल्या भेटतात, घर भेटते. कोठेही हा कारागीर आपणांस फसवीत नाही. दार हे दार असते, ते उघडावे लागते, आणि उघडण्यास जो वेळ लागतो त्यात आपण थोडे तयार होतो. गाभाऱ्यापुढे पडदा असतो आणि तो बाजूस होईतो आपण तिष्ठत उभे राहतो, याचा अर्थ यापरता वेगळा नाही. संगणकावरच्या कृष्णाला पडदा नव्हता. तो पहिल्या क्षणापासून सर्व बाजूंनी दिसत होता, आणि म्हणून, आम्ही जपून बोलतो, त्याचे दर्शन होत नव्हते.

तुलनेसाठी आणखी एक जोडी सुचवितो, कारण तिच्यात आपला एक मराठी दिग्दर्शक आहे. विजयदान देथा यांच्या एकाच कथेवर दोन चित्रपट झाले. मणि कौल यांचा ‘दुविधा’ १९७३ सालचा आणि अमोल पालेकर यांचा ‘पहेली’ २००५ सालचा. नववधूवर भाळलेले एक भूत तिच्या परदेशी गेलेल्या पतीचे रूप घेते, ही कथा. ‘दुविधा’त भूत आणि पती एकाच नटाने केले आहेत, आणि भुतासाठी एकही चमत्कार योजलेला नाही. चित्रे मधूनमधून थबकतात, स्थिर राहतात आणि पुन्हा चालू लागतात. बस. त्या स्थिर चित्रांत अंगावर काटा येतो. ‘पहेली’त बोलक्या बाहुल्या आहेत, रंग आहेत, युक्त्या आहेत, चित्रपट प्रेमळ आहे, आणि पालेकरांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यातले भूत पाहून कोणालाही भुताची भीती वाटत नाही, आणि आम्हांस वाटते, त्या स्त्रीपुढचा पेचही त्यामुळे हलका होतो. ‘दुविधा’ फार संथ आहे, ही तक्रारही आम्ही नाकारीत नाही. आमच्यापैकी एकास ती पाहताना झोप लागली होती.

चमत्कार दाखवूच नये, असेही आमचे म्हणणे नाही. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकारामा’त शेवटी विमान येते. आजच्या मुलांना ते विमान पाहून हसू येईल. परंतु दामले-फत्तेलालांनी विमानापूर्वी आम्हांस जिजाईची म्हैस दाखविली होती, चूल दाखविली होती, तिचा त्रागा दाखविला होता. विमान ज्या अंगणावरून उडते, ते अंगण खरे आहे. म्हणून ते उडते.

त्या आजीबाईंच्या नमस्काराचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गुळगुळीत कृष्णापुढेही त्यांचे हात जुळले. मग आम्ही कोण सांगणारे? दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “मी देवाला केला नमस्कार. चित्र कसले होते ते तुम्ही बघा.” याहून चोख टीकाशास्त्र आम्हांस ठाऊक नाही. नमस्कार भक्ताचा, त्याची परीक्षा करण्याचा अधिकार कोणास नाही. चित्राची परीक्षा मात्र करावीच लागेल. शेंदूर फासलेल्या धोंड्यालाही त्या नमस्कार करतात, म्हणून मूर्तिकाराने हात आखडावा असे होत नाही.

आमच्या मंडळींत सध्या एक सूचना विचाराधीन आहे. उत्सवाच्या वर्गणीतून मोठा विद्युत्पट भाड्याने आणावा आणि संगणकाकडून तयार होऊन येणाऱ्या अशाच कथा पाचही दिवस दाखवाव्यात, असे काहींचे म्हणणे आहे. सांगितले की काही क्षणांत देव तयार, खर्चही थोडा. या सूचनेस आमचा विरोध आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठी एवढे लिहिले. विरोध करणाऱ्याने दुसरे काही सुचवावे हा न्याय आम्हांस मान्य आहे. म्हणून आम्ही सुचविले, की वसाहतीतल्या मुलांनी स्वतःच पंधरा मिनिटांचे ‘कालियामर्दन’ करावे. मोबाइलवर चित्रित करावे, जोडणी संगणकावर करावी, पाण्याखालचा प्रसंग हवा तर संगणकानेच रंगवावा. अट एकच, की आरंभी कृष्ण होणाऱ्या मुलीचा चेहरा दाखवावा, तिच्या शाळेच्या वेण्यांसकट.

सूचना अद्याप संमत झालेली नाही. परंतु एका कारखान्याच्या शेडमध्ये रविवारी चार-पाच मुले जमू लागली आहेत, असे समजते. कालियाचे अंग ट्रकच्या जुन्या ट्यूबांचे करावयाचे, येथवर एकमत झाले आहे. फण्याविषयी वाद आहे. वेल्डर मुलगा पत्र्याचा म्हणतो, आणि जिला त्याच्यावर उभे राहावयाचे आहे ती म्हणते, पत्रा पायांना लागेल.